आइसलँडची शरदातली हवा: अंदाज वाचताना या चुका टाळा

दिवाळीच्या सुट्टीला जोडून आइसलँडला जाणारी मराठी कुटुंबं आता नवलाईची राहिलेली नाहीत. उन्हाळ्यातली गर्दी ओसरलेली असते, रात्री नीट अंधार पडतो म्हणून नॉर्दर्न लाइट्सची आशा असते, मुलांच्या शाळा बंद असतात. केफ्लाविक विमानतळावर भाड्याची गाडी घ्यायची आणि साधारण १,३२० किलोमीटरच्या रिंग रोडनं बेटाला प्रदक्षिणा घालायची, असा एकंदर बेत. तो फसला की खापर हवेवर फुटतं. मला ते पटत नाही. तिथला अंदाज दोन दिवस आधी बहुधा बरोबर सांगत असतो. आपण त्यात भलतंच शोधत बसलेलो असतो.

पाऊस पाहिला, वारा पाहिलाच नाही

ही सगळ्यांत मोठी चूक, आणि बाकीच्या बऱ्याच चुका हिच्याच पोटातल्या. आपली नजर पावसाळ्यात घडलेली. अंदाज उघडला की पहिला प्रश्न: पडणार का, आणि किती? आइसलँडमध्ये पावसानं फारसं कुणाचं अडत नाही, अंगात चांगला रेनकोट असला की झालं. (छत्री घरीच ठेवा.) गाडी रस्त्याबाहेर ढकलतो, दार मागे उलटवतो, रस्ता बंद पाडतो तो वारा.

शिवाय तो आपल्या सवयीच्या मापात लिहिलेला नसतो. वेदुरस्तोफा, म्हणजे तिथलं १९२० सालापासूनचं सरकारी हवामान खातं, वाऱ्याचा वेग मीटर प्रतिसेकंदात देतं. ‘वीसच तर आहे’ असं वाटतं आणि तिथेच घात होतो. त्या आकड्याला ३.६ नं गुणायचं. १० म्हणजे ताशी ३६ किलोमीटर, १५ म्हणजे ५४, २० म्हणजे ७२, २५ म्हणजे ९०. वाऱ्याचा रेटा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून २० चा वारा १० च्या दुप्पट नव्हे तर चौपट जोरानं गाडीवर आदळतो. साधी मोटार १५ पर्यंत जपून हाकता येते. झोपायची सोय असलेली उंच कॅम्परव्हॅन असेल तर १५ लाच थांबायचा विचार सुरू करावा. २० च्या पुढे नवख्यानं गाडी बाहेर काढू नये, मग ती फोर-बाय-फोर का असेना. चारही चाकं फिरतात म्हणून वारा कमी लागत नाही.

हे झालं सरासरी वाऱ्याचं. झोत, म्हणजे क्षणभराचे जोरदार झपाटे, वेगळे, आणि अपघात झोतांनी होतात. डोंगराच्या पायथ्याशी सरासरी १८ असताना झोत ३० च्याही वर जाऊ शकतो, म्हणजे ताशी शंभराच्या पुढे. ठरावीक जागा यासाठी बदनाम आहेत: बोर्गारनेसच्या अलीकडे हाफ्नारफ्यात्ल डोंगराखालचा रस्ता, राजधानी रेक्याविकच्या उत्तरेचं क्यालारनेस, दक्षिण किनाऱ्यावर एयाफ्योत्ल डोंगरांच्या पायथ्याचा पट्टा आणि वात्नायोकुल हिमनदीखालचा ओराइफी. अशा पट्ट्यांच्या अलीकडे रस्त्याकडेला वाऱ्याचे चालू आकडे दाखवणाऱ्या पाट्या दिसतात. त्यावरचा झोताचा आकडा पाहा, सरासरीचा नव्हे.

गाडी उभी करताना तोंड वाऱ्याकडे ठेवा, एका वेळी एकच दार उघडा आणि ते हातानं धरून उघडा. वाऱ्यानं वाकलेलं दार बहुतेक भाडेकरारांत विम्याबाहेर असतं. वाळूच्या वादळानं रंग खरवडला गेला तर त्याचं संरक्षणही सहसा वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं. मिर्दाल्सांदुर आणि स्केदारारसांदुर ही काळ्या वाळूची मैदानं रिंग रोडवरच आहेत, तेव्हा हा प्रश्न कागदावरचा नाही.

थंडीचा हिशेबही वाऱ्याशिवाय चुकतो. पारा २ अंशांवर आणि वारा १५ मीटरचा असेल तर उघड्या कातडीला साधारण उणे ६ जाणवतात. ‘दोन अंश, मनालीत यापेक्षा थंडी पाहिली’ म्हणणारे धबधब्यापाशी पाच मिनिटांत गाडीत परततात.

मोबाइलवरचं सूर्याचं चित्र

फोनमधलं हवेचं ॲप दिवसाला एक चित्र दाखवतं: सूर्य, ढग, थेंब. पूर्व-पश्चिम सुमारे ५०० किलोमीटर पसरलेल्या, मध्ये हिमनद्या आणि कडेला फ्योर्ड, म्हणजे डोंगरांत घुसलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या खाड्या, असलेल्या बेटाचा दिवस एका चित्रात मावत नाही. अशा ॲपमागे बहुधा जागतिक मॉडेलं, म्हणजे पृथ्वीचे चौकोन पाडून हवा मांडणारी संगणकी गणितं, असतात. त्यातल्या उत्तम मानल्या जाणाऱ्या युरोपीय मॉडेलची जाळीही साधारण ९ किलोमीटरची, आणि एवढ्या चौकोनात एखादा आख्खा डोंगर सपाट होऊन जातो. वेदुरस्तोफा त्यासोबत हार्मनी नावाचं दोन-अडीच किलोमीटर जाळीचं मॉडेल वापरतं, म्हणून झोत आणि डोंगराआडचा पाऊस तिथे बराच नीट पकडला जातो.

आणखी एक गोष्ट लोक हमखास वगळतात, ती म्हणजे शब्दांत लिहिलेला अंदाज. विभागवार, इंग्रजीतही मिळतो, हवामानतज्ज्ञानं स्वतः लिहिलेला: ‘आग्नेय १३ ते १८, पाऊस, ईशान्येत कोरडं, संध्याकाळी नैऋत्येला वळून सरी’ अशा धाटणीचा. या दोन ओळींत दिशा (वारा जिथून येतो ती), जोर (मीटर प्रतिसेकंदात) आणि बदलाची वेळ तिन्ही असतात. चित्रात यातलं एकही नसतं.

दिशेला किंमत न देणं

‘हवा आवडली नाही तर पाच मिनिटं थांबा’ हे आइसलँडमध्ये टी-शर्टवरही छापतात. सरींच्या दिवशी ते खरं असतं. शरदातल्या खोल कमी दाबाच्या पट्ट्यापुढे त्यावर विसंबू नका, कारण त्याला स्वतःचा क्रम असतो. पट्टा नैऋत्येकडून येऊन बेटाच्या पश्चिमेनं जात असेल तर आधी आग्नेय वारा जोर धरतो, दक्षिणेला संततधार लागते, पारा चढतो. मग वारा नैऋत्येला वळतो, हवा गार होते, सरी आणि गारा येतात, मधूनच ऊन. पट्टा पूर्वेला सरकला की उत्तरेचा वारा सुटतो आणि उत्तरेत बर्फ पडू लागतं. सगळं उरकायला दीड-दोन दिवस लागू शकतात, आणि मागे दुसरा पट्टा उभाच असतो.

ज्यानं सह्याद्री पाहिला त्याला पुढचं समजायला वेळ लागत नाही. महाबळेश्वर धुऊन निघत असतं तेव्हा फलटणवरून ढग नुसते सरकत जातात. आइसलँडमध्येही वाऱ्याची बाजू भिजते आणि आडोशाची कोरडी राहते. फरक एवढाच की आपल्याकडे पावसाळाभर वारा नैऋत्येचा, तिथे आडोसा रोज बदलतो. आग्नेय वाऱ्यात दक्षिण किनाऱ्यावरचं व्हिक ओलंचिंब असताना उत्तरेचं आकुरेयरी कोरडं आणि उबदारही असतं. डोंगर उतरताना हवा तापते, त्यामुळे पूर्व किनाऱ्यावरच्या दालातांगीला १९९९ च्या नोव्हेंबरात पारा २० अंशांच्या वर गेला होता. वारा उत्तरेचा झाला की उलट: आकुरेयरीत बर्फ, दक्षिण किनारा स्वच्छ.

म्हणून प्रदक्षिणा घड्याळाच्या दिशेनं करायची की उलट, हे मुंबईत बसून दोन महिने आधी पक्कं करणं मला तरी शहाणपणाचं वाटत नाही. पहिल्या दोन मुक्कामांची हॉटेलं रद्द करता येणारी घ्या आणि दिशा आदल्या दिवशी ठरवा. पुढच्या पाच-सात दिवसांचा अंदाज बघा, पण त्यातून ‘वादळी काळ येतोय’ एवढंच घ्या. पट्ट्याची वाट दीडशे किलोमीटर इकडेतिकडे झाली तरी तुमच्या गावातला वारा दक्षिणेचा उत्तरेला जातो.

सप्टेंबर म्हणजे उन्हाळ्याचं शेपूट, असं धरून चालणं

आइसलँडच्या जुन्या पंचांगात ऋतू दोनच, उन्हाळा आणि हिवाळा. हिवाळ्याचा पहिला दिवस ऑक्टोबरच्या शेवटच्या आठवड्याच्या आसपासच्या शनिवारी येतो. पण उत्तरेकडची हवा त्याची वाट पाहत नाही. २०१२ मध्ये १० सप्टेंबरच्या सुमारास तिथे एवढं ओलं, जड बर्फ पडलं की विजेच्या तारा तुटल्या आणि डोंगरावर चरणाऱ्या हजारो मेंढ्या गाडल्या गेल्या. मेंढ्या खाली आणायचा हंगाम पुरा व्हायचा होता. पिढ्यान्‌पिढ्या तिथे राहणारे शेतकरी असे सापडतात, तर उन्हाळी टायरची छोटी गाडी घेऊन उत्तरेतल्या मिवात्न तळ्याकडे निघालेल्या पाहुण्याचं काय?

बर्फापेक्षा फसवं असतं ते न दिसणारं बर्फ. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री हवेचा पारा २-३ अंश असतानाही रस्त्याचा पृष्ठभाग शून्याखाली जातो आणि ओल्या डांबरावर पारदर्शक थर धरतो. हवेचा आकडा जमिनीपासून दोन मीटर उंचीवरचा असतो, चाकांखालचा नाही. रस्ते खातं, वेगागेर्दिन, आपल्या केंद्रांवर रस्त्याचं तापमान वेगळं देतं, ते बघा. खिळ्यांची टायर १ नोव्हेंबरपासून सर्रास चालतात. त्याआधी गरज असेल तरच. ऑक्टोबरात गाडी घेताना टायर कोणती आहेत हे काउंटरवरच विचारा. आतल्या डोंगराळ एफ-रस्त्यांचा विचार तर सोडूनच द्या.

पिवळा इशारा ‘फक्त पिवळा’ समजणं

२०१७ च्या अखेरीपासून वेदुरस्तोफा पिवळा, नारिंगी, लाल असे इशारे देतं. रंग दोन गोष्टींवरून ठरतो: घटना किती संभवते आणि झाली तर परिणाम किती. शरदात पिवळे इशारे इतके येतात की तिसऱ्या दिवशी डोळे सरावतात. पण तो रंग सरावलेल्या स्थानिकालाही जपून राहा असं सांगत असतो. तुम्ही कॅम्परव्हॅनमध्ये असाल तर पिवळा वाऱ्याचा इशारा म्हणजे मुक्काम हलवू नका, असाच वाचा. नारिंगीवर चर्चा नको.

रस्ता उघडा आहे म्हणजे सुरक्षित आहे, हाही गैरसमज. उघडा म्हणजे अजून बंद केलेला नाही, एवढंच. रस्त्यांची चालू स्थिती उम्फेर्दिन या संकेतस्थळावर किंवा १७७७ या क्रमांकावर कळते. अडथळा लावलेला दिसला तर वळसा घालून पुढे जायचं धाडस करू नका. आग्नेय भागात तर पर्यायी रस्ताच नसतो: २०१७ च्या सप्टेंबरअखेर मुसळधार पावसानं आलेल्या पुरात स्टेनावोत्न नदीवरचा पूल खचला, तेव्हा तात्पुरता पूल होईपर्यंत पलीकडच्या गावाला जायचं तर जवळजवळ आख्ख्या बेटाला फेरा घालावा लागत होता.

समुद्राचंही दोन शब्दांत सांगतो. किनाऱ्यावर वारा पडलेला असतानाही शेकडो किलोमीटर दूरच्या वादळातून निघालेल्या लाटा दक्षिणेच्या रेनिसफ्यारा किनाऱ्याला येऊन पोचतात. धोक्याचा दिवा आणि फलक पाहा, पाण्याकडे पाठ करून फोटो नको.

लाइट्ससाठी केपीच्या मागे धावणं

लोक केपीचा आकडा बघत बसतात. हा आकडा ० ते ९ मध्ये भूचुंबकीय खळबळ सांगतो. आइसलँड इतक्या उत्तरेला आहे की २-३ सुद्धा पुरतो. आड येतात ते ढग. म्हणून ढगांचा नकाशा आधी. वेदुरस्तोफाच्या अरोरा (म्हणजे नॉर्दर्न लाइट्स) पानावरच्या नेहमीच्या नकाशात हिरवं म्हणजे ढग आणि पांढरं म्हणजे मोकळं आकाश. पांढऱ्याला ढग समजून हिरव्याकडे गाडी पिटाळणारे दरवर्षी भेटतात! रंगांची सूची वाचा. उत्तरेचा वारा सुटल्यावर दक्षिण किनाऱ्यावर आकाश मोकळं व्हायची शक्यता चांगली असते, हे वर आलंच. फक्त त्यासाठी वादळात शंभर किलोमीटर जाऊ नका.

उजेडाचा हिशेबही आधी करा. सप्टेंबरच्या विषुवदिनी बारा तास असलेला दिवस रोज सहा-सात मिनिटांनी आखडत ऑक्टोबरअखेर रेक्याविकला सव्वाआठ तासांवर येतो, सूर्य नऊनंतर उगवतो. गूगलनं सांगितलेले पाच तास अंधारात आणि वाऱ्यात सात होतात.

अडकलात तर

वाटेत वारा वाढला तर वेग उतरवा, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवा आणि पहिल्या पेट्रोल पंपावर किंवा गावात थांबा. रस्त्यात मध्येच गाडी उभी करू नका. मदतीसाठी ११२, त्याच नावाचं ॲप निघण्याआधी फोनमध्ये घ्या. दोन अंदाज वेगळे दिसले तर वेदुरस्तोफाचा धरा, तरी शंका असेल तर दोघांतला वाईट धरा. हॉटेलवाल्याला विचारा, ‘उद्या मी निघू का?’ असं थेट विचारा. बहुतेक जण खरं सांगतात, स्वतःचं बुकिंग जाणार असलं तरी.

परतीच्या आदल्या रात्री मुक्काम केफ्लाविक किंवा रेक्याविकच्या जवळ असावा. आग्नेयेच्या होफ्न गावापासून रेक्याविक साडेचारशे किलोमीटर आहे, आणि ते अंतर शेवटच्या दिवशी कापायचा बेत एका आग्नेय वाऱ्यात कोसळतो. विमानतळावरही वारा फार झाला की विमानाला जिने लावत नाहीत, उतरलेले प्रवासी आतच बसून राहतात. मुंबईचं पुढचं विमान वेगळ्या तिकिटावर असेल तर मध्ये युरोपात एक रात्र ठेवा.