दगड वाचायचा तर आधी नदी पाहा

भूगोल शिकवताना दरवर्षी एक प्रश्न हमखास येतो: ‘कोट्यवधी वर्षांपूर्वीचं कुणी पाहिलंय?’ कुणीच नाही. पण आज काय घडतंय ते आपल्याला दिसतं, आणि पाणी, वारा, लाव्हा यांच्या वागण्याचे नियम तेव्हाही हेच होते. भूशास्त्रातलं हे एकरूपतेचं तत्त्व. जेम्स हटन हा शिक्षणाने डॉक्टर, पण स्कॉटलंडमध्ये शेती करताना पावसाबरोबर वाहून जाणारी माती पाहून तो विचारात पडला. 1788 मध्ये त्याचा सिद्धांत छापून आला आणि 1830 पासून भूशास्त्रज्ञ चार्ल्स लायेलने तो सर्वदूर पोचवला. नाशिककरांना तो शिकायला गोदाकाठच पुरेसा आहे.

पूर ओसरला की सुरुवात करा. गंगापूर धरणातून विसर्ग वाढला की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीला पाणी कुठवर लागलं ते बघायला आपण सगळेच धावतो. शिकण्यासारखं असतं ते पाणी उतरल्यावर. शहराबाहेर, जिथे काठ सिमेंटने बांधलेला नाही अशा जागी जा आणि ताज्या गाळाचा थर खुरप्याने उभा कापा. खाली भरड वाळू, वर बारीक चिखल दिसेल, कारण पाण्याचा जोर कमी होत जातो तसं जड ते आधी बसतं.

मग चपटे गोटे बघा. ते सपाट पडलेले नसतात, कौलांसारखे एकमेकांवर रेललेले असतात आणि त्यांचा उतार नदी जिकडून येते तिकडे असतो. इथे मी मुलांना खाली बसवते, गोट्याच्या कडेखाली बोट घालून बघायला लावते. असा कललेला गोटा प्रवाह आणखी दाबून बसवतो. उलट्या बाजूला कलला असता तर उलथवून टाकला असता.

आता काठावरच्या जुन्या दरडीकडे वळा. गोदावरीच्या काठी आजच्या पाण्याच्या बऱ्याच वर जुना गाळ आणि घट्ट जमलेले गोट्यांचे थर दिसतात. त्यात तसेच रेललेले गोटे शोधा. सापडले, की त्यांच्या उतारावरून जुना प्रवाह कुठून कुठे जात होता ते सांगता येईल.

वेगाचा धडा मात्र पांडवलेण्यांवर घ्यावा. क्रमांक 3 च्या लेण्यात व्हरांड्याच्या भिंतीवर सातवाहन राणी गौतमी बलश्रीचा दुसऱ्या शतकातला लेख आहे. इतकी शतकं उलटली तरी अक्षरं ओळखू येतात. उघड्यावर, पावसाच्या माऱ्यात आलेलं कोरीवकाम शेजारीच तपासा. डोंगर तोच, काळ जवळपास तोच, पण पाणी पोचतं तिथली झीज वेगळी. (लेखाला हात लावू नका, हातोडी तर तिथे नेऊच नका.) म्हणून क्रिया तीच असली तरी वेगही तोच धरायचा नाही. लायेलचा कल वेगसुद्धा सारखाच मानण्याकडे होता. आजचं भूशास्त्र तसं मानत नाही, आणि मला हे फार महत्त्वाचं वाटतं.

हा फरक आपल्या काळ्या दगडात, म्हणजे थिजून दगड झालेल्या लाव्ह्यात, सर्वांत ठळक दिसतो. नव्या विहिरीच्या ढिगावर भोकाभोकांचा, पांढऱ्या खड्यांनी भरलेला दगड मिळतो. विहीर खोदणारे त्याला मांजऱ्या म्हणतात. हवाईत आज लाव्हा वाहतो तेव्हा त्यातले वायूचे बुडबुडे वर चढतात आणि थिजत्या सालीखाली अडकतात. म्हणून मांजऱ्याचा भोकाळ पट्टा बहुधा एका लाव्हाप्रवाहाचा माथा असतो. त्यावर गेरूसारखा लाल थर असेल तर पुढचा लाव्हा येण्याआधी दगड कुजायला सवड मिळाली होती असं समजा. सह्याद्रीच्या घाटांत रस्त्याच्या कापात असे थर दिसतात.

पण हवाईवरून आकारमान ठरवू नका. आइसलंडमध्ये 1783 साली लाकीचा उद्रेक आठ महिने चालला आणि साधारण 15 घन किलोमीटर लाव्हा बाहेर पडला. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या लाव्ह्याने मात्र आजही जवळजवळ 5 लाख चौरस किलोमीटर जमीन झाकली आहे. एवढा उद्रेक माणसाने कधी पाहिलेला नाही.

वही नेताना डाव्या पानावर फक्त दिसलं ते लिहा: रंग, जाडी, कण, उतार. उजव्या पानावर ‘हे आज कुठे घडताना दिसतं?’ याचं उत्तर. ते सुचलं नाही तर पान कोरं ठेवा आणि पुढच्या पावसाळ्यात नदीवर परत जा.