नवीन इलेक्ट्रिक गिटार घेताय? आधी स्केल, मग फिनिश, रंग सगळ्यात शेवटी

नवीन मॉडेल बघायला लागलो की पहिली नजर रंगावर जाते, मग पिकअप (तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारे भाग) कुठले, मग ट्यूनर (तार ताणायच्या खुंट्या) कुठल्या कंपनीचे, आणि स्केल लेंग्थचा (नटपासून ब्रिजपर्यंत तारेच्या वाजणाऱ्या लांबीचा) आकडा माहितीच्या यादीत कुठेतरी खाली पडलेला असतो, तो बरेच जण वाचतही नाहीत. माझ्या मते हा क्रम उलटा पाहिजे. पिकअप बदलता येतात, ट्यूनर बदलता येतात, नट, ब्रिज, सर्किट सगळं बदलता येतं, पण स्केल बदलायची म्हणजे अख्खी नेक बदलायची, आणि नेक चिकटवलेली असेल तर तेही विसरा. फिनिशचंही (लाकडावरच्या लेपाचंही) तसंच, उतरवून परत करायचं म्हणजे फार कटकटीचं काम आहे. जे नंतर बदलता येत नाही ते आधी ठरवायचं.

१. आत्ता हातात आहे त्या गिटारची स्केल मोजा

नटच्या (नेकच्या वरच्या टोकाला तारा बसतात त्या खाचांच्या पट्टीच्या) पुढच्या कडेपासून (जिथून तार मोकळी होते तिथून) बाराव्या फ्रेटच्या मधोमध पर्यंत मोजा आणि दुप्पट करा. थेट सॅडलपर्यंत (ब्रिजवर तार टेकते तिथपर्यंत) मोजू नका, कारण सूर बरोबर लागावा म्हणून सॅडल थोडे मागेपुढे सरकवलेले असतात, प्रत्येक तारेला वेगळा आकडा येईल.

बाराव्या फ्रेटपर्यंत ३२४ मिमी आलं तर २५.५ इंच स्केल, म्हणजे फेंडर कंपनीच्या स्ट्रॅटोकास्टर (स्ट्रॅट), टेलिकास्टर आणि त्या घराण्यातल्या बहुतेक सगळ्या गिटार. ३१७ च्या आसपास आलं तर २५ इंच, पीआरएस ही गिटार कंपनी हे जास्त वापरते. ३१४ च्या आसपास म्हणजे गिब्सन कंपनीच्या लेस पॉल, एसजी. गिब्सनची स्केल २४.७५ इंच म्हणून ओळखली जाते, प्रत्यक्षात मोजली तर बऱ्याचदा २४.६ च्या जवळ भरते, त्यामुळे फरक दिसला तर घाबरू नका. ३०५ म्हणजे २४ इंच, फेंडरच्याच जॅग्वार आणि मस्टँगवाली. बॅरिटोन (खालच्या सुरात लावायच्या गिटार) २७ इंचांच्या आसपास सुरू होतात. पीआरएसच्या काही मॉडेलच्या नावातच स्केल असते, ५९४ म्हणजे २४.५९४ इंच, २७७ म्हणजे २७.७ इंच.

दिसण्यावरून अंदाज बांधू नका. जॅझमास्टर आणि जॅग्वार लांबून सख्ख्या बहिणी वाटतात, पण एक २५.५ ची आणि दुसरी २४ ची.

२. दीड इंचाने काय फरक पडतो ते समजून घ्या

तार तीच, सूर तोच, पण लांबी वाढली की ताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून आकडा छोटा दिसला तरी हाताला कळतो. १० गेजची (म्हणजे ०.०१० इंच जाडीची) वरची, सगळ्यात बारीक ई तार घ्या: २५.५ इंचावर तिला साधारण ७.३ किलोचा ताण लागतो, २४.७५ वर ६.९, आणि २४ वर ६.५. सहा तारांचं मिळून हे बरंच होतं. म्हणूनच स्ट्रॅटवर ९ आणि लेस पॉलवर १० गेज लावणारे इतके लोक भेटतात, दोन्हीकडे हाताला जवळपास सारखं वाटावं म्हणून.

दुसरा फरक फ्रेटमधल्या अंतराचा. नटपासून चौथ्या फ्रेटपर्यंत २५.५ वर जवळजवळ १३४ मिमी होतात आणि २४ वर १२६. आठ मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण खालच्या फ्रेटवर चार बोटं ताणून कॉर्ड धरायची असेल, हात छोटा असेल किंवा मनगट दुखत असेल तर हेच आठ मिलिमीटर सगळं ठरवतात. उलट बोटं जाड असतील तर छोट्या स्केलवर पंधराव्या फ्रेटच्या वर गर्दी होते.

आवाजाचं म्हणाल तर मला लांब स्केलवर खालच्या तारा जास्त स्वच्छ आणि टणक वाटतात, छोटीवर सूर गोल, मऊ. पण यात पिकअपचा वाटा मोठा असतो, नुसत्या आवाजासाठी स्केल निवडू नका, हातासाठी निवडा.

३. दुकानात जायच्या आधी घरीच ट्रायल घ्या

ही युक्ती फार कमी लोक करून बघतात आणि मला ती सगळ्यात कामाची वाटते. तुमच्याकडे २५.५ ची गिटार असेल तर सगळ्या तारा अर्धा सूर खाली उतरवा आणि पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबून धरणारा चिमटा) लावा. सूर परत नेहमीच्या जागी आला, पण स्केल आता २४.०७ इंच झाली, ताणही तेवढाच उतरला. म्हणजे मस्टँगची स्केल तुमच्या हातात फुकट आली. आठवडाभर असंच वाजवा. बेंड (तार बोटाने बाजूला ढकलून सूर चढवणं) सोपे जातायत का, की तार इतकी सैल लागतेय की जोरात स्ट्रोक मारला की सूर वर सरकतो? नेकवरचे खुणेचे ठिपके एक घर सरकलेले दिसतील, एक-दोन दिवस गोंधळ होईल, नंतर सवय होते. कॅपो फार घट्ट असेल तर तारा ताणल्या जातात, म्हणून कॅपो लावल्यावर परत ट्यून करून घ्या.

आवडलं तर छोटी स्केल बघा. हात सारखा जास्त ताण मागत असेल तर २५.५ वरच थांबा आणि गेज बदलून बघा, तारांचा एक सेट नवीन गिटारपेक्षा केव्हाही स्वस्त.

४. ट्यूनिंग आधी ठरवा

ड्रॉप सी (सगळ्यात जाड तार सी सुरापर्यंत उतरवलेली) किंवा त्याच्याही खाली वाजवत असाल तर २४.७५ वर १० गेज लोंबकळणार. तिथे एक तर जाड तारा लावा नाहीतर २६.५, २७ इंचांकडे जा. मल्टीस्केल हा मधला मार्ग, त्यात फ्रेट तिरके असतात, खालची तार लांब आणि वरची आखूड, त्यामुळे जाड तार ताठ राहते आणि वरच्या तारेवर बेंडही जमतात. दिसायला अवघड, पण हाताला वाटतं त्यापेक्षा लवकर सवय होते.

५. आता फिनिश, आणि सुरुवात नेकच्या मागच्या बाजूपासून

बॉडीचं फिनिश डोळ्यांसाठी, नेकचं तळहातासाठी. हाताला घाम येत असेल तर ग्लॉस नेकवर अंगठा अडकतो, सॅटिन सरकतं. सॅटिन वर्ष-दोन वर्षांत जिथे हात घासतो तिथे आपोआप चमकायला लागतं, तो दोष नाही, पण त्यावर चमक आणणारं पॉलिश लावू नका, डाग पडल्यासारखं दिसतं.

बॉडीवर बहुतेक नवीन गिटारना पॉलियुरेथेन किंवा पॉलिएस्टर असतं. कठीण, टिकाऊ, धक्का लागला तर टवका उडतो पण झिजत नाही. नायट्रोसेल्युलोज (जुन्या पद्धतीचं लॅकर, थोडक्यात नायट्रो) पातळ, घासून झिजतं, पिवळं पडतं, आणि थंडीतून एकदम गरम खोलीत आणली तर बारीक तडे जातात, कारण लाकूड आणि लॅकर सारख्या वेगाने प्रसरण पावत नाहीत. अशी गिटार बाहेरून आणल्यावर केस काही तास बंदच ठेवा. आणि नायट्रोवाली गिटार रबर किंवा फोमच्या स्टँडवर नुसती टेकवू नका, त्यातली रसायनं लॅकर मऊ करतात आणि कायमचा डाग पडतो. मध्ये सुती कापड घाला. नायट्रोने आवाज उजळतो असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, मी त्यासाठी जास्त पैसे देणार नाही. झिजत जाणारी, आपल्या हाताच्या खुणा घेणारी गिटार आवडत असेल तर मात्र जरूर घ्या, ते कारण पुरेसं आहे.

६. रंग

रंगाला मी शेवटी ठेवलं म्हणून तो बिनमहत्त्वाचा नाही. भिंतीवर बघून उचलावीशी वाटते ती गिटार जास्त वाजते. फेंडरचे जुने कस्टम रंग मोटारींच्या रंगांतूनच आले, फिएस्टा रेड, लेक प्लॅसिड ब्लू हे सगळे. वरचं क्लिअर लॅकर पिवळं पडलं की निळा हिरवट दिसतो आणि पांढरा लोण्याच्या रंगाचा, हे आवडतं की नाही ते आधीच ठरवा.

रेषांचं फ्लेम मेपल घेत असाल तर गिटार उजेडात हळूहळू तिरकी करा. खऱ्या फ्लेममध्ये गडद पट्टे फिकट होतात, फिकट गडद होतात, पट्टे जागा बदलल्यासारखे वाटतात. छापील फिल्म असेल तर चित्र हलत नाही. ऑनलाइन घेताना कंपनीच्या फोटोवर जाऊ नका, सीरियल नंबरसकट त्याच गिटारचा दिवसाच्या उजेडातला फोटो मागवा, कारण असं लाकूड प्रत्येक गिटारवर वेगळं येतं.

आणि "नवीन मॉडेल" असं लिहिलेलं दिसलं की जुन्या मॉडेलची माहिती शेजारी उघडून एकेक ओळ ताडून बघा: स्केल, नेकचा आकार, फिंगरबोर्डचा रेडियस (गोलाई), फ्रेट, पिकअप. बऱ्याचदा फक्त रंग नवीन असतो, आणि अशा वेळी दुकानात शिल्लक राहिलेली मागच्या वर्षीची गिटार आधी हातात घेऊन बघा.