४१३००१ चे अवयव कसे पाडावेत

शेंगाचटणीच्या पाकिटावर, चादरीच्या लेबलवर, लग्नपत्रिकेच्या कोपऱ्यात ‘सोलापूर ४१३००१’ दिसतंच. मोठ्या संख्येची उलटतपासणी शिकायची तर हीच घ्या. कॅल्क्युलेटर ताळा करण्यापुरता.

विषम आहे, शेवटी ५ किंवा ० नाही. २ आणि ५ बाद. अंकांची बेरीज ९, म्हणून ९ ने भागा: ४५,८८९. याची बेरीज ३४, म्हणजे ३ चा हिशेब मिटला.

७, ११, १३ साठी तीन भागाकार करत बसू नका. ७ × ११ × १३ = १००१, म्हणून शेवटच्या तीन अंकांतून पुढचे वजा करा: ८८९ − ४५ = ८४४. बाकी अनुक्रमे ४, ८, १२. तिघेही बाद.

आता १७ पासून एकेक मूळ संख्या. माझी फजिती झाली ती इथेच. मे महिना, पंखा बंद, ९७ पर्यंत आलो तरी भाग जाईना. दिलं ठोकून: ४५,८८९ मूळ संख्या! शेजारच्या नववीतल्या मुलीला तसंच सांगितलंही. दुसऱ्या दिवशी ती वही घेऊन दारात, “काका, एकशे नऊनं जातंय की ओ!”

‘शंभरापर्यंत बघा, पुरे’ हा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका. तो दहा हजारांपर्यंतच चालतो. थांबायचं वर्गमूळापाशी: २१४ चा वर्ग ४५,७९६, २१५ चा ४६,२२५, म्हणजे २११ पर्यंत जावंच लागतं. दोन्ही अवयव २१४ च्या वर असतील तर गुणाकार संख्येच्या पुढे जाईल. एक तरी खाली सापडायलाच हवा. आणि प्रत्येक भाजकासमोर बाकी लिहा, नुसती फुली मारू नका. माझ्या वहीत आता ९७ समोर ८, १०१ समोर ३५, १०३ समोर ५४, १०७ समोर ९३ आणि १०९ समोर शून्य आहे. चुकलं तर कुठे चुकलं ते दिसतं.

भागाकार ४२१. त्याला पुन्हा २ पासून तपासू नका. १०९ च्या खालच्या कुणाचाच भाग ४५,८८९ ला गेला नाही, मग ४२१ ला कसा जाईल? तो मूळच.

तर ४१३००१ = ३ × ३ × १०९ × ४२१. घातांकांत एकेक मिळवून गुणा: ३ × २ × २, म्हणजे १२ विभाजक. त्यांची बेरीज (१ + ३ + ९) × (१ + १०९) × (१ + ४२१), म्हणजे १३ × ११० × ४२२ = ६,०३,४६०. त्यातून ती संख्या स्वतः वगळली की १,९०,४५९ उरतात. निम्मीही भरत नाही. ही बेरीज संख्येपेक्षा कमी भरली की तिला न्यून संख्या म्हणतात.

१०९ आणि ४२१, दोघांनाही ४ ने भागलं की बाकी १ उरते; ३ ची बाकी ३, पण तो जोडीने आलाय, म्हणून आड येत नाही. त्यामुळे ही संख्या दोन वर्गांच्या बेरजेत मांडता येते, तीही दोन तऱ्हांनी. एक जोडी ३२४ आणि ५५५. दुसरीत एक ५७६ आहे; जोडीदार तुम्ही काढा.