गेमिंग कन्सोलवर सराउंड आवाज मिळत नसेल तर दोष कसा शोधावा

पाच स्पीकर आणि सबवूफर जागच्या जागी मांडून, तारा नीट जोडूनही गेममध्ये मागून धावत येणाऱ्या शत्रूची पावले समोरच्या दोन स्पीकरांतूनच ऐकू येतात, ही तक्रार कन्सोल वापरणाऱ्यांमध्ये नेहमीची आहे. अशा वेळी बहुधा कोणतेही यंत्र बिघडलेले नसते. कन्सोल, टीव्ही आणि अँप्लिफायर यांच्या साखळीत कुठेतरी सहा चॅनेलचा, म्हणजे प्रत्येक स्पीकरसाठी वेगळा असलेला ‘५.१’ आवाज दोन चॅनेलमध्ये (स्टीरिओत) आवळला जातो आणि पुढची यंत्रे हाती आले तेवढेच वाजवतात. म्हणून दिसेल ते सेटिंग बदलत सुटण्याऐवजी ही आवळण्याची जागा शोधून काढावी, आणि तो शोध साखळीच्या शेवटच्या टोकापासून, म्हणजे अँप्लिफायरपासून, सुरू करावा.

पायरी १ : अँप्लिफायरपर्यंत काय पोहोचते ते पाहावे

बहुतेक एव्ही रिसीव्हरांच्या (स्पीकर चालवणाऱ्या या अँप्लिफायरांच्या) स्क्रीनवर किंवा माहितीच्या मेनूमध्ये आत येणाऱ्या सिग्नलचा प्रकार दिसतो. तिथे ‘पीसीएम २.०’ (न दाबलेला, दोन चॅनेलचा डिजिटल आवाज) किंवा ‘स्टीरिओ’ असे दिसत असेल तर अडचण रिसीव्हरच्या आधी आहे. ‘डॉल्बी डिजिटल ५.१’ किंवा ‘मल्टिचॅनेल’ असे दिसत असूनही मागचे स्पीकर गप्प असतील, तर दोष रिसीव्हरच्या सेटिंगमध्ये किंवा तारांमध्ये आहे. केवळ कानावर विसंबून हा निवाडा करू नये, कारण ‘डॉल्बी सराउंड’ किंवा ‘प्रो लॉजिक’ यांसारखे मोड दोन चॅनेलचा आवाज पाचही स्पीकरांवर पसरवतात. सगळीकडून आवाज येतो, पण पावले कोणत्या बाजूची हे मात्र कळत नाही.

याच टप्प्यावर रिसीव्हरमधील चाचणीचा आवाज, म्हणजे ‘टेस्ट टोन’, लावून पाहावा. तो एकेका स्पीकरमधून क्रमाने ऐकू आला तर स्पीकर आणि तारा शंकेबाहेर गेल्या असे समजावे.

आपल्याकडे ‘५.१ होम थिएटर’ म्हणून विकल्या जाणाऱ्या अनेक स्वस्त संचांची गोष्ट वेगळी आहे. त्यांना ब्लूटूथ, यूएसबी आणि ऑक्सची सोय असते, परंतु एचडीएमआय किंवा ऑप्टिकल इनपुट नसते. ऑक्सच्या तारेतून किंवा ब्लूटूथवरून दोनच चॅनेल येतात आणि संच तेच पाच ठिकाणी वाटून देतो. त्यातल्या काहींना मागे सहा चॅनेलचे वेगवेगळे ॲनालॉग इनपुट असते. त्यासाठी कन्सोलचा डॉल्बी सिग्नल उलगडून सहा तारांमध्ये देणारा वेगळा डीकोडर लागतो. तो नसेल तर कन्सोलचे कोणतेही सेटिंग बदलून उपयोग होणार नाही.

पायरी २ : आवाजाचा मार्ग कागदावर काढावा

ही पायरी कंटाळवाणी वाटते आणि म्हणूनच बहुतेक जण ती गाळतात, पण निम्म्याहून अधिक उत्तर इथेच मिळते. कन्सोलची एचडीएमआय केबल थेट रिसीव्हरमध्ये आणि तिथून दुसरी केबल टीव्हीकडे गेली असेल तर हा सर्वांत सुरक्षित मार्ग होय. कन्सोल टीव्हीला जोडून टीव्हीतून आवाज परत साउंडबार किंवा रिसीव्हरकडे पाठवला जात असेल, तर तो कोणत्या वाटेने जातो याला फार महत्त्व आहे.

ऑप्टिकल केबल आणि एचडीएमआयची जुनी ‘आर्क’ सोय (एचडीएमआय केबलनेच टीव्हीतून आवाज परत पाठवणारी) यांतून दोन चॅनेलचा अनकॉम्प्रेस्ड पीसीएम आवाज किंवा डॉल्बी डिजिटल, डीटीएस अशा पद्धतीने दाबलेला ५.१ आवाज जातो. सहा चॅनेलचा पीसीएम आवाज त्यांतून जातच नाही. ४८ किलोहर्ट्झ, १६ बिटचा सहा चॅनेलचा पीसीएम आवाज सेकंदाला सुमारे ४.६ मेगाबिट जागा घेतो, तर डॉल्बी डिजिटल तेच काम जास्तीत जास्त ०.६४ मेगाबिटमध्ये भागवते. २०१७ साली एचडीएमआय २.१ सोबत आलेल्या ‘ई-आर्क’मध्ये ही अडचण उरत नाही, त्यातून आठ चॅनेलपर्यंत पीसीएम आवाज जातो. मात्र टीव्ही आणि साउंडबार दोन्हींमध्ये ई-आर्क असले पाहिजे, आणि टीव्हीवर ते सहसा एकाच पोर्टाला असते, ज्यावर तसे छापलेले असते.

निन्टेन्डो स्विचच्या मालकांनी हा मुद्दा विशेष लक्षात घ्यावा. स्विच ५.१ आवाज केवळ लिनियर पीसीएम (न दाबलेल्या) स्वरूपात देते, डॉल्बी किंवा डीटीएस देत नाही. त्यामुळे स्विच टीव्हीला आणि टीव्ही जुन्या आर्कने साउंडबारला जोडला असेल, तर कन्सोलमध्ये ‘सराउंड’ निवडूनही बहुतेक टीव्ही पुढे स्टीरिओच पाठवतात. यावर उपाय दोनच : स्विचचा डॉक थेट रिसीव्हरच्या एचडीएमआय इनपुटला जोडणे, किंवा दोन्ही टोकांना ई-आर्क असणे.

प्लेस्टेशन ५ आणि एक्सबॉक्स सिरीज एक्स व एस यांना ऑप्टिकल पोर्टच नाही. प्लेस्टेशन ४ आणि ४ प्रो यांना तो होता, ४ स्लिमला नव्हता. जुन्या रिसीव्हरला फक्त ऑप्टिकल इनपुट असेल, तर नवा कन्सोल टीव्हीला जोडून टीव्हीच्या ऑप्टिकल पोर्टातून आवाज घ्यावा आणि कन्सोलवर डॉल्बी निवडावे. मात्र काही जुने टीव्ही एचडीएमआयवरून आलेला आवाज ऑप्टिकलमधून फक्त स्टीरिओ स्वरूपातच बाहेर देतात, हे ध्यानात ठेवावे.

पायरी ३ : कन्सोलला खरे सांगावे

प्लेस्टेशन ५ मध्ये ‘सेटिंग्ज’, ‘साउंड’, ‘ऑडिओ आउटपुट’ या क्रमाने जाऊन एचडीएमआय उपकरणाचा प्रकार पाहावा. तिथे ‘टीव्ही’ निवडलेले असेल तर ते बदलून आपल्याकडे जे असेल त्याप्रमाणे ‘साउंडबार’ किंवा ‘एव्ही अँप्लिफायर’ करावे. आवाज थेट रिसीव्हरकडे किंवा ई-आर्कने जात असेल तर ‘लिनियर पीसीएम’ ठेवावे. ऑप्टिकल किंवा साध्या आर्कसाठी ‘डॉल्बी’ निवडावे. डीटीएस मी सहसा सुचवत नाही, कारण अलीकडच्या वर्षांतील अनेक टीव्ही ते पुढे पाठवत नाहीत. टीव्हीच्या स्पीकरांसाठी असलेला ‘३डी ऑडिओ’ही अशा वेळी बंद ठेवावा.

एक्सबॉक्सवर ‘जनरल’मधील ‘व्हॉल्यूम अँड ऑडिओ आउटपुट’ या पानावर हाच निर्णय घ्यायचा असतो : रिसीव्हर किंवा ई-आर्कसाठी ‘५.१ अनकॉम्प्रेस्ड’ किंवा ‘७.१ अनकॉम्प्रेस्ड’, आणि साध्या आर्कसाठी ‘बिटस्ट्रीम आउट’ (आवाज दाबलेल्या स्वरूपात पाठवणे) व त्याखाली ‘डॉल्बी डिजिटल’.

कंट्रोलरला हेडफोन लावलेला तर नाही, हेही पाहून घ्यावे. तो लावला की प्लेस्टेशन ५ चा आवाज आपोआप तिकडे वळू शकतो आणि स्पीकर गप्प होतात.

पायरी ४ : टीव्हीचे सेटिंग

आवाज टीव्हीतून फिरून जात असेल तर टीव्हीच्या ध्वनीविषयक मेनूतील ‘डिजिटल साउंड आउटपुट’ हा पर्याय शोधावा. तो ‘पीसीएम’वर असेल तर बरेच टीव्ही आलेला ५.१ आवाज दोन चॅनेलमध्ये उतरवतात. तिथे ‘पास थ्रू’, तो नसल्यास ‘ऑटो’ किंवा ‘बिटस्ट्रीम’ निवडावे. ई-आर्कचा पर्याय काही टीव्हींवर मुळात बंद असतो. तो सुरू करावा. आर्कसाठी अनेकदा एचडीएमआय-सीईसीही (यंत्रांनी एचडीएमआयवरून एकमेकांना आज्ञा देण्याची सोय) सुरू असावे लागते. सॅमसंग त्याला ‘ॲनीनेट प्लस’ म्हणते, एलजी ‘सिंपलिंक’ आणि सोनी ‘ब्राव्हिया सिंक’.

पायरी ५ : सगळे बंद करून पुन्हा ओळख करून द्यावी

कन्सोल सुरू होताना पुढच्या यंत्राला ‘तू कोणता आवाज वाजवू शकतोस’ असे विचारतो आणि मिळालेल्या उत्तराप्रमाणे वागतो. रिसीव्हर त्या क्षणी बंद असेल किंवा टीव्हीने जुनेच उत्तर दिले, तर कन्सोल स्टीरिओवर येऊन थांबतो. त्यासाठी तिन्ही यंत्रांचे प्लग भिंतीतून काढून एक-दोन मिनिटे थांबावे, मग आधी टीव्ही, नंतर रिसीव्हर किंवा साउंडबार आणि शेवटी कन्सोल सुरू करावा. स्टँडबायमध्ये ठेवून हे काम होत नाही.

नवी, महागडी केबल घेण्याची घाई करू नये. सदोष केबलमुळे चित्र थरथरते, जाते किंवा आवाज तुटतो. सहाचे दोन चॅनेल सहसा तिच्यामुळे होत नाहीत. ई-आर्क मात्र फार जुन्या केबलवर अडखळू शकते, तेवढ्यासाठी ती बदलावी.

पायरी ६ : गेम आणि स्पीकरांची मांडणी

अनेक गेमच्या आत स्वतःचे ध्वनी-सेटिंग असते आणि तिथे ‘हेडफोन’ किंवा ‘टीव्ही’ निवडलेले असेल तर आतापर्यंतची सगळी मेहनत वाया जाते. ‘होम थिएटर’ किंवा ‘सराउंड’ निवडून गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघडावा. जुने किंवा छोटे काही गेम मुळातच स्टीरिओ असतात, म्हणून चाचणीसाठी ज्यात ५.१ आहे याची खात्री आहे असाच गेम घ्यावा.

पात्रांचे संवाद क्षीण येत असतील तर मधल्या स्पीकरकडे पाहावे. ५.१ मध्ये संवाद प्रामुख्याने तिथूनच येतात, आणि तो स्पीकर जोडलेला नसूनही रिसीव्हरमध्ये ‘आहे’ असे नोंदलेले असेल तर संवाद हरवतात. मागचे दोन स्पीकर ऐकणाऱ्याच्या बरोबर पाठीशी न ठेवता, समोरच्या मधल्या रेषेपासून मोजल्यास सुमारे ११० अंशांवर, म्हणजे कानांच्या किंचित मागे, दोन्ही बाजूंना ठेवावेत.

एवढे करूनही एकच स्पीकर मुका राहिला, तर रिसीव्हरचा वीजपुरवठा बंद करून त्याच्या मागच्या बाजूला त्या स्पीकरची तार आणि जोडीच्या चालू स्पीकरची तार यांची अदलाबदल करावी. आता दुसरा स्पीकर गप्प झाला तर रिसीव्हरचा तो चॅनेल गेला आहे आणि त्याला दुरुस्तीला न्यावे लागेल; आधीचाच स्पीकर गप्प राहिला तर दोष त्याच्यात किंवा त्याच्या तारेत आहे, आणि तार बदलून पाहणे सर्वांत स्वस्त असल्याने सुरुवात तिथून करावी.