स्कोअर कमी आहे आणि अर्ज तर करायचाच आहे

माझा जीमॅट, म्हणजे एमबीएसाठीची प्रवेश परीक्षा, जुन्या पद्धतीचा, 200 ते 800 वाला. त्यात मला 640 मिळाले होते आणि मी ज्या बी-स्कूलमध्ये (बिझनेस स्कूलमध्ये) शिकले तिथला मीडियन, म्हणजे वर्गातला मधला स्कोअर, 700 च्या वर होता. आता मी तिथली माजी विद्यार्थिनी म्हणून अर्जदारांच्या मुलाखती घेते, आणि ओळखीपाळखीतली मुलं आपले एसे (अर्जासोबतचे निबंध) वाचायला पाठवतात. बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला: "ताई, एवढ्या स्कोअरवर होईल का?"

याला हो-नाही असं उत्तर मी देत नाही. उलट विचारते: हा आकडा वाचून प्रवेश समितीला तुझ्याबद्दल नेमकी कोणती शंका येईल, आणि तिचं उत्तर अर्जात दुसरीकडे कुठे सापडतं? पुढचं सगळं काम या एका प्रश्नाभोवतीच फिरतं.

पण आधी स्कोअर खरंच कमी आहे का ते बघा. "700 पाहिजेतच" हे जुन्या परीक्षेचं गणित आहे. फेब्रुवारी 2024 पासून फक्त नवा जीमॅट आहे. त्याचा स्कोअर 205 ते 805 असतो आणि नेहमी 5 ने संपतो. पर्सेंटाइलच्या हिशोबात नव्यातले 645 म्हणजे जुन्यातले साधारण 700. त्यामुळे 635 घेऊन तोंड पाडून बसलेल्या माणसापुढे मी आधी पर्सेंटाइलचा तक्ता ठेवते. मग त्या स्कूलचं क्लास प्रोफाइल (प्रवेश मिळालेल्या वर्गाची आकडेवारी) उघडायचं आणि मीडियनच्या शेजारी दिलेली रेंज वाचायची. मीडियन म्हणजे अर्धा वर्ग त्याच्या खाली असतो, हे घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. रेंजमध्ये बसत असाल तर तुमचा स्कोअर दुबळा आहे, पण अपवादात्मक नाही. रेंजच्याही खाली असाल तर अर्जातल्या बाकी सगळ्या गोष्टींना जास्त जोर लावावा लागेल.

एकूण आकड्यापेक्षा सेक्शन महत्त्वाचे. क्वांट (गणित), व्हर्बल (इंग्रजी) आणि डेटा इनसाइट्स (तक्ते-आलेखांवरचे प्रश्न), प्रत्येकी 45 मिनिटं, प्रत्येकाचा स्कोअर 60 ते 90. व्हर्बल पडलं असेल तर एसे, मुलाखत आणि इंग्रजीची वेगळी परीक्षा त्याची बरीचशी भरपाई करतात. क्वांट पडलं की मात्र सरळ प्रश्न उभा राहतो: पहिल्या सत्रातलं फायनान्स आणि स्टॅटिस्टिक्स या माणसाला झेपेल का? आणि शिक्षण किंवा नोकरी आकडेमोडीपासून लांबची असेल तर तो प्रश्न अधिकच मोठा होतो.

परत परीक्षा द्यावी का? मॉकमध्ये (सराव परीक्षेत) सातत्याने जास्त मिळत होते आणि खऱ्या परीक्षेत घसरलात, तर जरूर द्या. दोन प्रयत्नांत 16 दिवसांचं अंतर लागतं आणि सलग 12 महिन्यांत पाचदा देता येते. नव्या जीमॅटमध्ये स्कोअर बघून मग तो कुठे पाठवायचा ते ठरवता येतं, त्यामुळे पडलेला प्रयत्न तुमच्यापाशीच राहतो. पण मॉक आणि खरा स्कोअर एकाच जागी अडकले असतील, तर त्याच पुस्तकांची आणखी पारायणं करून फारसं हलत नाही. अशा वेळी मी जीआरईचा, म्हणजे जीमॅटऐवजी बऱ्याच ठिकाणी चालणाऱ्या दुसऱ्या परीक्षेचा, एक मॉक देऊन बघायला सांगते. तिथे क्वांटमध्ये स्क्रीनवर कॅल्क्युलेटर मिळतो, जो जीमॅटच्या क्वांटमध्ये नसतो. मात्र भूमिती आहे, आणि व्हर्बलमध्ये शब्दसंग्रहाची खरी कसोटी लागते. अनुभव बराच असेल तर एक्झिक्युटिव्ह असेसमेंटचीही चौकशी करा. ही दीड तासाची परीक्षा मुळात एक्झिक्युटिव्ह एमबीएसाठी काढलेली, पण काही पूर्णवेळ कोर्सही ती घेतात.

आता पुराव्याकडे येऊ, कारण खरी मेहनत इथे आहे. समितीला "मी गणितात चांगली आहे" हे वाक्य नको असतं, ग्रेड हवा असतो. स्टॅटिस्टिक्स, कॅल्क्युलस किंवा अकाउंटिंगचा एखादा परीक्षा आणि ग्रेड असलेला कोर्स करा. यूसी बर्कली एक्स्टेन्शनकडे असे कोर्स आहेत. हार्वर्ड बिझनेस स्कूल ऑनलाइनच्या कोअर (CORe) नावाच्या कोर्समध्ये बिझनेस अ‍ॅनालिटिक्स, इकॉनॉमिक्स आणि फायनान्शियल अकाउंटिंग असे तीन विषय येतात. नुसते व्हिडिओ बघून मिळणारी सर्टिफिकिटं मात्र रेझ्युमेवर दहा चिकटवली तरी कुणी वाचत नाही. पदवीच्या मार्कशीटवर गणिताचे पेपर चांगले गेले असतील तर त्यांचा नावानिशी उल्लेख करा. समिती शोधून काढेल या भरवशावर राहू नका.

शिफारसपत्राचंही तेच. साहेबांना "माझ्याबद्दल चांगलं लिहा" म्हणालात तर ते "कष्टाळू, मनमिळाऊ" लिहून मोकळे होतात. त्यांना आठवण करून द्या: कुठलं मॉडेल तुम्ही बांधलं, कुठल्या बजेटमधली चूक पकडली, कुठल्या बैठकीत तुमच्या आकड्यांवर निर्णय झाला. पत्र त्यांनीच लिहायचं, त्यांच्या शब्दांत. सामग्री तुम्ही पुरवायची.

ऑप्शनल एसेमध्ये, म्हणजे अर्जातली कमकुवत बाजू समजावण्यासाठीच्या ऐच्छिक निबंधात, लोक सर्वांत जास्त वाहवतात. माझ्याकडे येणारा ठराविक मसुदा असा: "परीक्षेच्या काळात कामाचा प्रचंड ताण होता, तब्येतही बरी नव्हती, त्यामुळे माझी खरी क्षमता या आकड्यात दिसत नाही." वाचणाऱ्याला यातून काहीच हाती लागत नाही, ताण सगळ्यांनाच असतो. मी माझ्या अर्जात जे लिहिलं त्याचा सारांश एवढाच होता: "माझा क्वांट स्कोअर तुमच्या वर्गाच्या मानाने कमी आहे. नोकरीत मी गोदामांच्या मागणीचा अंदाज बांधणारं मॉडेल सांभाळते आणि खरेदी त्यावर ठरते. स्टॅटिस्टिक्सचा कोर्स नुकताच पूर्ण केला, ग्रेड सोबत जोडला आहे." माफी नाही, रडगाणं नाही. आणि हे मुख्य एसेमध्ये शिरू द्यायचं नाही. तिथे तुम्ही कोण आहात आणि पुढे काय करणार हे सांगायचं आहे, त्यात स्कोअरची सावली कशाला?

यादी करताना नुसत्या रँकवर जाऊ नका. यूएस न्यूजच्या रँकिंगमध्ये स्कोअरच्या मीडियनला वजन आहे, तर फायनान्शियल टाइम्सच्या एमबीए रँकिंगमध्ये स्कोअर धरतच नाहीत. माझ्या मते म्हणूनच काही अमेरिकन स्कूल्स आपल्या मीडियनला जास्त जपतात. माद्रिदचं आयई आणि मिलानचं एसडीए बोकोनी यांच्या स्वतःच्या प्रवेश परीक्षा आहेत. काही ठिकाणी वेव्हर, म्हणजे परीक्षेतून सूट, हीही मिळते, पण त्याचा अर्ज आधी करावा लागतो आणि तिथेही ग्रेड आणि कामाचाच पुरावा मागतात. शिष्यवृत्ती हवी असेल तर वेव्हर घेण्याआधी त्या स्कूलला स्पष्ट विचारा, कारण अनेक ठिकाणी पैसे देताना स्कोअर बघतात.

राउंडबद्दल, म्हणजे अर्जाच्या मुदतींच्या टप्प्यांबद्दल, थोडक्यात: सप्टेंबरच्या पहिल्या राउंडसाठी अर्धवट अर्ज रेटण्यापेक्षा कोर्सचा ग्रेड हातात घेऊन जानेवारीच्या दुसऱ्या राउंडला जा. तिसऱ्यापर्यंत थांबू नका. तोवर बऱ्याचशा जागा भरलेल्या असतात.

मुलाखतीत स्कोअरचा विषय तुम्ही काढू नका. विचारलाच तर दोन वाक्यांत उत्तर द्या आणि थांबा. माझ्यासमोर बसलेले लोक अडकतात ते तिसऱ्या वाक्यापासून.

आणि निकाल वेटलिस्टचा आला तर दर आठवड्याला "मला अजूनही तुमच्याचकडे यायचंय" अशी ईमेल पाठवू नका. आधी स्कूलचे वेटलिस्टचे नियम वाचा, कारण काही ठिकाणी काहीच पाठवलेलं चालत नाही. जिथे चालतं तिथे वाढलेला स्कोअर, नवा ग्रेड किंवा कामातली नवी जबाबदारी, यांपैकी काही हाती आलं की त्याच दिवशी कळवा.