आखाजीची फट भरू नका : खानदेशात जुनी लाकडी शिडाची नाव दुरुस्त करताना

किनाऱ्यावर वाढलेली लाकडी नाव कसारा घाट चढून खानदेशात आली की तिचं दुखणं बदलतं. समुद्रात लाकूड पोखरणारा टेरेडो किडा गोड्या पाण्यात जगत नाही, तेवढी एक काळजी मिटते. पण खाऱ्या पाण्यातलं मीठ बुरशीला आवरून धरत होतं, ते गेलं. आणि इथली हवा कोरडी. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ अंशांच्या वर चढतो आणि सावलीतल्या सागातलाही ओलावा ५-६ टक्क्यांवर येतो. तीच नाव धरणात उतरवली की पाण्याखालचं लाकूड २५ टक्क्यांच्या पुढे भिजतं. १५० मिमी रुंदीची सपाट चिरलेली सागाची फळी मोकळी असेल तर एवढ्या फरकाने ६-७ मिमी रुंदावते. उभ्या रेषांची, म्हणजे कापलेल्या टोकाला वर्षवलयं उभी दिसणारी, फळी साधारण ३ मिमी.

म्हणून आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमारास नावेच्या फळ्यांमध्ये २-३ मिमीच्या फटी दिसल्या तर घाबरून त्या ठासून भरू नयेत. मे महिन्यात घट्ट भरलेली फट पाण्यात गेल्यावर फळीला फुगायला जागाच देत नाही. मग फळी बाहेर फुगारते, खिळे ओढले जातात, आतली वाकी, म्हणजे फळ्यांना आतून धरणारी वळणदार बरगडी, तडकते. गळती थांबवायला केलेल्या कामानेच नाव मोडते.

फळीला फळी टेकवून बांधलेली, एक डोलकाठी आणि छोटी केबिन असलेली १८-२० फुटी नाव धरून पुढचं लिहिलं आहे.

आधी जागा. नाव शेतात ठेवणार असाल तर काळ्या जमिनीवर थेट टेकू देऊ नका. ही माती उन्हाळ्यात भेगाळते, पावसाळ्यात फुगते, आणि त्याबरोबर टेकू वरखाली होऊन नावेला पीळ बसतो. मुरूम लागेपर्यंत खणा आणि त्यावर काँक्रीटचे ठोकळे बसवा. सगळं वजन कण्यावर, म्हणजे तळाच्या मुख्य लाकडावर, तीन-चार ठिकाणी घ्या. बाजूचे टेकू फक्त तोल सांभाळण्यापुरते, आणि तेही आत जिथे वाकी आहे तिथेच. लाकूड मातीला कुठेही टेकलं तर उधई लागलीच समजा. वर पत्र्याची शेड असेल तर पत्रा आणि नाव यांत हवा खेळायला चार फूट तरी अंतर ठेवा.

तपासणी पावसाळा संपताच करावी. टोच्या आणि लाकडी हातोडी पुरते. ठोकल्यावर खणखणीत आवाज आला तर लाकूड शाबूत. बद आवाज आला तिथे टोच्या दाबून बघा. कुज बहुधा पावसाचं पाणी साचतं तिथेच सापडते : डेकची कड, डोलकाठीचा खालचा खोबणा, मागच्या आडव्या फळीची टोकं, कण्याला लागून असलेली पहिली फळी. खिळ्याभोवती लाकूड काळं आणि भुसभुशीत झालं असेल तर खिळा लोखंडी आहे आणि आत गंजून निम्मा झाला आहे. कण्याचा एक तरी बोल्ट बाहेर काढून पाहाच. डोकं चांगलं दिसतं आणि मधला भाग सुईसारखा उरलेला असतो.

नवे खिळे तांब्याचे किंवा सिलिकॉन ब्राँझचे घ्या. बाजारात सहज मिळतात म्हणून ३०४ स्टेनलेस स्टीलचे स्क्रू पाण्याखाली वापरले जातात, पण ओल्या लाकडात प्राणवायू पोहोचत नाही आणि हे स्टील भोकाच्या आतच खचतं. बाहेरून काही कळत नाही, हाच त्यातला धोका.

साग वनविभागाच्या आगारातला किंवा परवानाधारक वखारीतला, बिल आणि वाहतूक पास असलेला घ्या. फळ्या उभ्या रेषांच्या निवडून घ्यायला वखारवाला कुरकुर करेल. जास्तीचे पैसे द्या पण निवडून घ्या. वाकीसाठी गावठी बाभूळ उत्तम. नैसर्गिक वळण असलेल्या फांद्या शोधा. तुटलेली वाकी काढत बसण्यापेक्षा तिच्या शेजारी नवी बसवा, आणि ती तुटीच्या दोन्ही बाजूंना किमान दोन-दोन फळ्या पार करून जाऊ द्या.

फळीचा कुजका तुकडा कापून नवा जोडताना सांधा तिरका, जाडीच्या आठपट लांब : २० मिमी फळीला १६० मिमी. सागात तेल असतं, म्हणून सांध्याची दोन्ही तोंडं अ‍ॅसिटोनने पुसून अर्ध्या तासाच्या आत इपॉक्सी (राळ आणि हार्डनर कालवून घट्ट होणारा गोंद) लावा.

इपॉक्सीचं काम डिसेंबर-जानेवारीत ठेवा. तापमान १० अंशांनी वाढलं की ती काम देण्याची वेळ जवळपास निम्मी होते. मार्चच्या दुपारी डब्यात कालवलेला अर्धा किलो माल धूर काढत दगड होतो. एका वेळी १००-१५० ग्रॅमच कालवा, पसरट ट्रेमध्ये ओता, स्लो हार्डनर घ्या. सांधे सकाळी चिकटवले तरी चालतात, पण उघड्या लाकडावर थर द्यायचा तो दुपार उतरल्यावर. सकाळी लाकूड तापत जातं, आतली हवा फुगून बाहेर येते आणि थराला बुडबुडे धरतात; संध्याकाळी लाकूड थंड होताना थर आत ओढला जातो.

गळती कायमची थांबवायला संपूर्ण तळावर फायबरग्लास चढवण्याचा सल्ला कोणीतरी देईलच. जुन्या फळ्यांच्या नावेवर तो मानू नये. खालच्या फळ्या हलत राहतात, वरचा थर फाटतो आणि आत शिरलेलं पाणी तिथेच कोंडून लाकूड कुजवतं.

फटी भरणं हे सप्टेंबर-ऑक्टोबरचं काम, लाकडात १२ टक्क्यांच्या आसपास ओलावा असताना. तपासणीत कुज निघाली तर त्या भागाच्या फटी पुढच्या ऑक्टोबरवर ढकला. एक हंगाम जाईल, जाऊ द्या. सगळ्याच फटी उकरू नका. जिथला कापूस सडलाय किंवा वरची लांबी (फट बुजवायची पुट्टी) निघालीय तेवढ्याच. नीट बांधलेल्या नावेत फळ्या आतल्या अर्ध्या जाडीत एकमेकींना भिडलेल्या असतात आणि बाहेरच्या अर्ध्यात निमुळती फट असते, तोंडाशी सुमारे ३ मिमी. ती करवतीने रुंद करू नका.

कापसाला खानदेशात तोटा नाही, पण जिनमधला सुटा कापूस किंवा दवाखान्यातला बोळा चालत नाही. सूतगिरणीतला, ब्लीच न केलेला लांब धाग्याचा पेळू घ्या. त्याची पेन्सिलएवढी सैल वात छोट्या वेटोळ्या करत फटीत बसवा आणि बोथट छिन्नीने फटीच्या निम्म्या खोलीपर्यंत ठासा. हात हलका ठेवा. वात आरपार गेली तर ती फट त्या जागी आतही उघडी आहे, तिथे आतून पट्टी लावावी लागेल. कापसावर प्रायमरचा हात मारा, मग लांबी : १ किलो व्हाइटिंग पावडरला (खडूच्या भुकटीला) १८०-२०० मिली उकळलेलं जवसाचं तेल. लांबी फळीच्या पातळीला न आणता किंचित खोल ठेवा; लाकूड फुगलं की ती बाहेर येतेच. जुन्या पद्धतीत यात शेंदूर घालत. तो शिशाचा असतो, घालू नका. जुना रंगही कोरडा घासू नका, ओल्या पॉलिशपेपरने काढा. त्यातही शिसं असू शकतं.

जवसाच्या तेलात भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आपोआप पेटू शकतात. पाण्यात बुडवा किंवा उघड्यावर एकेक पसरून वाळवा.

रंग पांढरा किंवा फिका. गडद निळी नाव फोटोत छान दिसते, पण उन्हात ती बाजू फिक्या रंगापेक्षा खूप जास्त तापते आणि फटी तिथेच आधी उघडतात. शेवाळ-शिंपले धरू नयेत म्हणून समुद्रात लावतात तो तांब्याचा विषारी रंग इथे नको. वाघूरसारख्या धरणांचं पाणी लोक पितात. दर दोन-तीन आठवड्यांनी तळ ब्रशने घासला की भागतं.

शिडाचं कापड बहुधा शाबूत असतं, शिवण उन्हाने गेलेली असते. अंगठ्याच्या नखाने टाका खरवडा. तुटला तर सगळ्या शिवणी यूव्ही पॉलिस्टर दोऱ्याने पुन्हा घाला. ताडपत्री शिवणाऱ्याकडे हे काम होतं, दोरा मात्र तुम्ही नेऊन द्या. डोलकाठीच्या तारांवरून कापसाचा बोळा फिरवा. कुठे अडकला तर तार तुटायला लागली आहे, ती बदला.

पाण्यात उतरवणं. जलसंपदा विभागाची परवानगी आणि नोंदणी आधी. बिगरयांत्रिक नावाही इनलँड व्हेसल्स अ‍ॅक्ट, २०२१ मध्ये येतात. हतनूर धरणावर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी असतात, त्यांचे उथळ भाग टाळा. तापीवर प्रकाशा किंवा सारंगखेड्याच्या बॅरेजमागे लांब पाणी मिळतं, पण आडव्या जाणाऱ्या वीजतारांची उंची डोलकाठी उभी करण्याआधी काठावरून पाहून घ्या.

उतरवण्याआधी दोन-तीन आठवडे नावेच्या आत-बाहेर ओलं बारदान ठेवा आणि दिवसातून दोनदा भिजवा. तरीही पहिल्या दिवशी पाणी येईलच. काठाजवळ उथळ पाण्यात बांधा, पंप आणि माणूस दोन रात्री तिथेच ठेवा. गळती ४८ ते ७२ तासांत उतरते. एखादी फट हट्टी असेल तर बाहेरून तिच्याखाली बारीक भुसा सोडा, पाण्याबरोबर तो फटीत ओढला जातो. आठवड्यानंतरही जोर तसाच राहिला तर ती जागा खडूने टिपून ठेवा आणि नाव बाहेर काढा.

पावसाळ्यात नाव पाण्यात ठेवू नये. हतनूरला ४१ दरवाजे आहेत आणि ते उघडले की पाण्याला ओढ लागते. उन्हाळ्यात पाणी आटल्यामुळे बाहेर काढावी लागली तर कापडी आच्छादन घाला, प्लास्टिक नव्हे, झडपा उघड्या ठेवा, आणि तळात ओलं बारदान अंथरा. नवतपात, म्हणजे मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत, ते सकाळ-संध्याकाळ भिजवावं लागतं. एरवी एकदा पुरतं.