पहिली ऑफरोड गाडी: कोणतं व्हेरियंट घ्यायचं, कशासाठी पैसे मोजायचे

मॉडेल ठरवणं तुलनेनं सोपं असतं. खरा गोंधळ त्यानंतर होतो, कारण एकाच गाडीची चार-पाच व्हेरियंट समोर येतात आणि ब्रोशरमध्ये सगळ्यात ठळक छापलेलं असतं ते स्क्रीन, सनरूफ आणि लेदर सीट. गाडी चिखलातून बाहेर येईल की नाही हे ज्यावर ठरतं, ते शेवटच्या पानावरच्या बारीक तक्त्यात असतं. म्हणून ब्रोशर मागच्या पानापासून वाचायला घ्या. आणि निवड करताना एकच कसोटी लावा: जे नंतर बसवता येत नाही किंवा बसवायला भलतंच महाग पडतं, ते कारखान्यातूनच घ्यायचं. जे नंतर चार बोल्टवर बसतं, त्यासाठी वरचं व्हेरियंट घ्यायचं नाही.

या कसोटीवर पहिल्या गाडीसाठी बहुतेक वेळा सगळ्यात वरचं व्हेरियंट बादच होतं. सगळ्यात खालचंही पुष्कळदा अपुरं पडतं.

आधी लो रेंज

गाडी ऑफरोड दिसते म्हणून ती फोर बाय फोर असतेच असं नाही. महिंद्रा थारचंच बघा: २०२३ पासून ती फक्त मागच्या चाकांवर चालणाऱ्या प्रकारातही मिळते. बॉडी तीच, दिसणं जवळपास तेच, पण ट्रान्सफर केस, म्हणजे इंजिनाची ताकद पुढच्या चाकांनाही पोचवणारी पेटी, नाही. ज्या व्हेरियंटला ट्रान्सफर केस नाही, त्याला ती नंतर बसवायची म्हणजे पुढचा अ‍ॅक्सल, प्रॉपेलर शाफ्ट, गिअरबॉक्सचा मागचा भाग आणि इलेक्ट्रॉनिक्स सगळंच बदलणं. तो विचारच सोडा.

ऑल व्हील ड्राइव्ह असं लिहिलेलं असेल तर पुढचा प्रश्न विचारा: लो रेंज, म्हणजे गाडी खूप हळू पण जोरानं चालवणारा जादा खालचा गिअर, आहे का? ओल्या रस्त्यावर आणि कच्च्या वाटेवर ऑल व्हील ड्राइव्ह उत्तम चालते. खडकाळ चढावर मात्र इंजिनाची ताकद कमी पडत नाही, गाडी पुरेशी हळू चालत नाही हीच अडचण असते. किती हळू चालेल ते क्रॉल रेशोवरून कळतं. पहिल्या गिअरचा रेशो, लो रेंजचा रेशो आणि अ‍ॅक्सलचा रेशो यांचा गुणाकार केला की झालं.

जीप रँग्लरच्या जेएल पिढीत ३.६ लिटर पेट्रोल आणि आठ गिअरचा ऑटोमॅटिक घेतला, तर स्पोर्ट व्हेरियंटचा हिशोब ४.७१ × २.७२ × ३.४५, म्हणजे सुमारे ४४. त्याच इंजिन-गिअरबॉक्सच्या रुबिकॉनचा ४.७१ × ४ × ४.१०, म्हणजे सुमारे ७७. इंजिन मिनिटाला ७०० फेऱ्यांवर धरलं तर स्पोर्ट ताशी साधारण अडीच किलोमीटरनं सरकेल आणि रुबिकॉन दीडनं. लो रेंजच नसती तर स्पोर्टचाच वेग ताशी साडेसहाच्या आसपास गेला असता आणि सगळं काम ब्रेकवर आलं असतं.

यातून दोन गोष्टी कळतात. लो रेंज असणं आणि नसणं यातला फरक प्रचंड आहे. ४४ आणि ७७ मधला फरक मोठ्या खडकांवरच जाणवतो. वाळू, चिखल, जंगलातली चाकोरी यासाठी ४० च्या आसपासचा रेशो नवशिक्याला पुरतो.

अ‍ॅक्सल रेशो मात्र लिहून घ्या. पुढे मोठे टायर लावायचं ठरलं की गाडी जड वाटते आणि गिअर सतत खाली पडतो. मग रेशो बदलायचा तर पुढच्या-मागच्या दोन्ही अ‍ॅक्सलचे क्राउन-पिनियन (हा रेशो ठरवणारी गिअरची जोडी) एकदमच बदलावे लागतात. दोन्हींचा रेशो जुळला नाही तर फोर बाय फोर लावताच ट्रान्सफर केसवर ताण येतो आणि काहीतरी तुटतं. कारखान्यातूनच खालचा, म्हणजे आकड्यानं मोठा, रेशो मिळत असेल तर तो पर्याय स्वस्तच ठरतो.

डिफ लॉक

साधं डिफरन्शियल, म्हणजे अ‍ॅक्सलच्या मधली गिअरची जोडणी, त्याच्या दोन्ही चाकांना सारखाच टॉर्क (फिरवण्याचा जोर) देतं. एक चाक हवेत गेलं की ते फिरवायला टॉर्क जवळपास लागतच नाही, म्हणून जमिनीवरच्या चाकालाही तेवढाच, म्हणजे नगण्य टॉर्क पोचतो. फोर बाय फोर लावूनही गाडी अडकते ती अशी: तिरक्या खड्ड्यात तिरप्या कोपऱ्यांतली दोन चाकं, समजा पुढचं डावं आणि मागचं उजवं, उचलली जातात, तीच नुसती गरागरा फिरतात आणि गाडी जागची हलत नाही.

यावर खालच्या व्हेरियंटमध्ये उपाय असतो ब्रेकवर चालणाऱ्या ट्रॅक्शन कंट्रोलचा. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावला की टॉर्क दुसऱ्या चाकाकडे जातो. उपाय चांगला आहे, पण चाक थोडं फिरल्याशिवाय तो जागा होत नाही. नवशिका नेमका त्याच क्षणी घाबरून अ‍ॅक्सलरेटर सोडतो. पाय स्थिर ठेवून एक-दोन सेकंद थांबलं की गाडी सरकते. वाळूत मात्र ते फिरणंच नडतं, चाक तेवढ्यात खाली खणून बसतं. लांबच्या चढावर ब्रेक तापतात तो भाग वेगळाच.

मागचा डिफ लॉक बटण दाबताच दोन्ही चाकं एकत्र बांधतो आणि चाक फिरायच्या आधीच काम करतो. मागचा लॉक मिळवण्यासाठी एक पायरी वर जावं लागत असेल, तर ते पैसे खुशाल द्या. बाहेरून बसवता येतो, पण डिफरन्शियल पूर्ण उघडून गिअरचा बॅकलॅश (दातांमधली फट) नव्यानं जमवावा लागतो, हवेवर चालणारा असेल तर कॉम्प्रेसर आणि नळ्या लागतात, शिवाय काम कच्चं झालं तर अ‍ॅक्सल घरघर करू लागतो.

पुढच्या लॉकसाठी मात्र पहिल्याच गाडीत घाई करू नका. तो लावला की स्टिअरिंग जड होतं, गाडी सरळच जाऊ पाहते, आणि वळलेल्या चाकांवर जोर पडून पुढचे जॉइंट तुटू शकतात. मागचा लॉक आणि पुढे ब्रेकवरचं ट्रॅक्शन कंट्रोल ही जोडी बहुतेक वाटा पार करते.

टेरेन मोडच्या गोल नॉबला लॉक समजू नका. सँड, मड, रॉक हे मोड अ‍ॅक्सलरेटरचा प्रतिसाद, गिअर बदलण्याची वेळ आणि ट्रॅक्शन कंट्रोल किती लवकर आत शिरेल हे बदलतात. काही गाड्यांत त्या नॉबला खरा लॉक जोडलेला असतो, पुष्कळ गाड्यांत नसतो. तक्त्यात 'लॉकिंग डिफरन्शियल' असे शब्द आहेत का ते बघा.

वरच्या व्हेरियंटची चाकं

पैसे जास्त मोजून गाडी कमी सक्षम होते ती इथे. वरच्या व्हेरियंटला मोठे रिम येतात, टायरची एकूण उंची मात्र तेवढीच राहते. मग कमी होते ती टायरची भिंत.

खालच्या व्हेरियंटला २६५/७० आर १७ टायर आहे असं धरा. भिंतीची उंची म्हणजे २६५ मिलिमीटर रुंदीच्या ७० टक्के, म्हणजे सुमारे १८५ मिलिमीटर. वरच्याला २७५/५५ आर २० आहे: २७५ चे ५५ टक्के, सुमारे १५१ मिलिमीटर. दोन्ही टायर बाहेरून जवळपास ८०० मिलिमीटर व्यासाचेच, पण दुसऱ्याची भिंत ३४ मिलिमीटरनं बुटकी. दगडाचा धक्का रिमपर्यंत पोचायला तेवढंच अंतर कमी झालं.

त्याहून मोठं नुकसान हवा कमी करताना होतं. ऑफरोडमध्ये टायरची हवा उतरवणं हे सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी तंत्र आहे. रस्त्यावर ३२ ते ३५ पीएसआय असेल तर खडबडीत वाटेवर २४-२६, मऊ वाळूत १५ ते १८. टायर जमिनीवर लांब पसरतो, पकड वाढते, दगडावर तो वाकतो. उंच भिंतीला हे जमतं. बुटक्या भिंतीचा टायर त्याच दाबाला रिमवर चेपतो आणि कापला जातो. साध्या रिमवर १५ च्या खाली गेलात तर वळताना टायर रिमवरून निघण्याचा धोका असतो. डांबरावर वेग घेण्याआधी हवा परत भरायलाच हवी.

'नंतर लहान रिम लावू' असं म्हणण्याआधी ब्रेक बघा. वरच्या व्हेरियंटला, विशेषतः मोठ्या इंजिनाला, मोठ्या डिस्क आणि कॅलिपर असतात, आणि १७ इंची रिम त्यावर बसेलच याची खात्री नसते. रिमची आतली बाजू कॅलिपरला घासते. त्यामुळे गाडी ठरवतानाच सेल्समनला विचारा, या व्हेरियंटच्या ब्रेकवर सगळ्यात लहान रिम कोणता बसतो, आणि उत्तर लेखी घ्या.

स्टेपनी त्याच मापाची, पूर्ण आकाराची हवी. काही व्हेरियंटमध्ये बारीक स्टेपनी मिळते, काहींत नुसतं पंक्चर किट. कापलेल्या भिंतीवर किट चालत नाही. वेगळ्या व्यासाचं चाक एका बाजूला लावून फोर बाय फोर चालवलं तर डिफरन्शियल आणि ट्रान्सफर केस दोन्हींवर ताण येतो.

गाडीखाली वाका

शोरूममध्ये चटई मागा आणि खाली झोपून बघा. पुढच्या बंपरचा खालचा ओठ किती खाली आहे? स्पोर्टी बॉडी किट असलेल्या व्हेरियंटचा तो खाली आलेला असतो आणि अ‍ॅप्रोच अँगल, म्हणजे बंपर न घासता किती उभ्या चढाला भिडता येतं तो कोन, कमी होतो. पायरी, म्हणजे साइड स्टेप, दाराखाली लोंबते. ती काढता येते का, की सिलमध्येच (दाराखालच्या पट्टीत) गुंतवलेली आहे? इंजिन, ट्रान्सफर केस आणि इंधन टाकी यांखाली धातूची प्लेट आहे की प्लास्टिक? प्लेट नंतर बसते, त्यामुळे त्यासाठी व्हेरियंट बदलू नका.

हुक मात्र नीट बघा. चॅसीला जाड बोल्टनं जखडलेले किंवा वेल्ड केलेले रिकव्हरी पॉइंट, म्हणजे रुतलेली गाडी ओढायला पट्टा अडकवायच्या जागा, पुढे निदान एक, मागे एक हवेत. बंपरमध्ये स्क्रूनं बसणारी रिंग सपाट रस्त्यावर गाडी ओढण्यापुरती असते, रुतलेली गाडी झटक्यानं काढण्यासाठी ती नाही. ट्रेलर जोडायच्या गोळ्याला तर कधीच पट्टा अडकवायचा नाही. तो तुटला की पट्ट्याच्या ताणानं गोळीसारखा उडतो, त्यात माणसं दगावली आहेत.

हवेचं सस्पेन्शन असेल तर त्याचा फायदा-तोटा दोन्ही समजून घ्या. गाडी वर उचलता येते, पाण्यातून जाताना उपयोग होतो. पण पूर्ण उंचीवर चाकाला खाली लोंबायला जागा उरत नाही, त्यामुळे खड्ड्यात चाक लवकर हवेत जातं. पहिल्या गाडीला साध्या कॉइल स्प्रिंग बऱ्या. कुठेही दुरुस्त होतात आणि नंतर जड स्प्रिंग घालता येतात.

वजनाचा हिशोब

हा हिशोब फार थोडे लोक करतात, म्हणून आकडेच मांडतो. समजा गाडीसकट एकूण अनुमत वजन २४५० किलो, रिकाम्या गाडीचं १९५०. भार वाहायला ५०० किलो उरले. चार माणसं ३०० किलो, उरले २००. स्टीलचा बंपर आणि विंच (दोर ओढणारं यंत्र) ९०, उरले ११०. छतावरचं कॅरिअर ३०, पाणी ४० लिटर म्हणजे ४० किलो. हातात ४० किलो राहिले आणि तंबू, हत्यारं, सामान अजून बाहेरच आहे.

पॅनोरमिक काच, विजेवर हलणाऱ्या सीट, तिसरी रांग यांचं वजन याच ५०० मधून जातं, आणि काच सगळ्यात वर असल्यानं उतारावर गाडी जास्त डुलते. छतावर किती वजन चालतं हा आकडा वेगळा असतो. काचेच्या छतावर तो कमी असू शकतो, मॅन्युअलमध्ये बघा.

सीटचं कापड, स्पीकर, दिवे, स्नॉर्कल, मॅट यांचा विचार शेवटी. रबरी मॅट आणि धुता येणारं कापड ऑफरोडला उलट जास्त सोयीचं. एअरबॅग आणि स्थिरता नियंत्रण मात्र सगळ्याच व्हेरियंटमध्ये सारखं आहे का ते तपासा, तिथे तडजोड नको.

काही कंपन्या ऑफरोडचं सामान वेगळ्या पॅकेजमध्ये देतात. फोर्ड ब्रॉन्को २०२१ मध्ये आली तेव्हा तिचं सास्क्वॉच पॅकेज सगळ्यात खालच्या बेस ट्रिमवरही घेता येत होतं: ३५ इंची टायर, पुढे-मागे लॉक, खालचं गिअरिंग. असा पर्याय दिसला तर साधं व्हेरियंट आणि वर पॅकेज हाच उत्तम सौदा.

चाचणी आणि ताबा

चाचणीसाठी मातीचा किंवा खडीचा तुकडा मागा. कोरड्या डांबरावर पार्ट-टाइम (गरजेपुरती लावायची) फोर बाय फोर लावून वळू नका, पुढची-मागची चाकं वेगवेगळं अंतर कापतात आणि ट्रान्समिशन आवळून बसतं. लो रेंजसाठी गाडी थांबवा, न्यूट्रलमध्ये घ्या, लिव्हर किंवा नॉब ४ एल (लो रेंज) वर न्या, दिवा स्थिर होईपर्यंत थांबा आणि मग गिअर टाका. काही गाड्यांत ताशी ३ ते ५ किलोमीटरनं सरकत असताना लो रेंज जास्त सहज लागते. मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय तसंच करा. उतारावर पहिल्या गिअरमध्ये ब्रेक सोडून बघा, गाडी धरून ठेवते का. डिफ लॉकचं बटण दाबा आणि दिवा लुकलुकायचा थांबून स्थिर होतो का पाहा. त्यासाठी थोडं पुढे सरकावं लागतं.

ऑर्डर फॉर्मवर व्हेरियंटचं नाव पुरत नाही. ट्रान्सफर केस, मागचा लॉक, अ‍ॅक्सल रेशो, टायरचं माप आणि स्टेपनीचं माप शब्दांत लिहून घ्या, कारण मॉडेलचं वर्ष बदललं की त्याच नावाच्या व्हेरियंटमधलं सामान बदलू शकतं. ताबा घेताना टायरची मापं, स्टेपनीसकट, याच कागदाशी ताडून बघा, आणि लो रेंज व लॉक दोन्ही पुन्हा एकदा लावून दाखवायला सांगा. सही त्यानंतर करा.